ओढ्याच्या अलीकडे

साशंक : तुमचं पत्रक दोनदा वाचलं. नववीची चाळीस मुलं, जुलैचा तिसरा शनिवार-रविवार, लोणावळ्याहून राजमाची, मुक्काम उधेवाडीत, दुसऱ्या दिवशी कोंदिवड्याला उतरायचं. शिट्टी, ओआरएस, जादा मोजे, दोर, गावातल्या ओळखीच्या माणसाचा फोन, सगळं लिहिलंय. इतकं नेटकं पत्रक शाळेकडे आजवर आलं नव्हतं, हे आधी सांगते. पण एक गोष्ट मला कुठं सापडली नाही. काय झालं तर तुम्ही जाणारच नाही, ते. आणि गेलात तर कुठून परत फिराल, ते. चाळीस घरांतून मुलं ताब्यात घ्यायची आणि त्यावर सही मी करायची, तर मला पहिल्यांदा हे वाचायचंय. बरोबर काय काय नेणार ते नंतर.

डोंगरवेडा : खरं सांगतो बाई, ते मुद्दामच लिहिलं नाही. पत्रक घरी जातं. त्यात 'अमुक झालं तर परत येऊ' असं वाचलं की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे ते 'अमुक'च उभं राहतं. माझी चूक झाली, लिहायला हवं होतं. पण जुलैच का, हे तुम्ही पुढे विचारणार, तेही सांगून टाकतो. पावसातला सह्याद्री जितका देखणा तितकाच फसवा, आणि आपली मुलं त्याच्याकडे जाणारच आहेत. आज नववीत आहेत. तीन-चार वर्षांत कुणाच्या तरी बाईकवर मागं बसून जातील. कुठं जायचं ते रील पाहून ठरेल. बरोबर मोठं कुणी नसेल, पायथ्याच्या गावात कुणाला सांगितलेलं नसेल. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या अंगाला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे होते, ते दृश्य महाराष्ट्रानं मोबाईलवर पाहिलं. त्यात लहान मुलं होती. कुणी कडा चढायला गेलं नव्हतं, रविवारचं फिरणं होतं. पाणी वाढतं म्हणजे नेमकं काय होतं, किती वेळात होतं, हे आपल्यापैकी किती जणांनी काठावर उभं राहून शांतपणे पाहिलंय? माझा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. 1941 मध्ये, ऐन महायुद्धात, वेल्समधल्या अॅबरडोव्हीला 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा निघाली. बोट बुडाल्यावर तरणेताठे खलाशी हाय खातात आणि वयानं मोठे तग धरतात, अशी जहाज कंपनीच्या मालकाची समजूत होती. नुसतं अंगात बळ असून भागत नाही, झेपेल एवढं संकट आधी कधीतरी अंगावर घेतलेलं असावं लागतं, हा त्या शाळेमागचा विचार. मी दुसरं काही म्हणत नाही.

साशंक : तो विचार मलाही पटतो. पण ते खलाशी समुद्रावर जाणारच होते, ते त्यांचं पोट होतं. आपल्या मुलांना आपण पाठवतोय. 'नाहीतरी जातीलच, मग मीच नेतो' यात मला एक भोक दिसतं. तुमच्याबरोबर एकदा ओढा ओलांडलेला मुलगा पुढे सावध होईल, हे तुम्ही धरून चालताय. तो उलटही होऊ शकतो. मित्रांना सांगेल, 'अरे, काही होत नाही, मी केलंय.' तुमचा दोर, तुमची माणसं, तुम्ही आदल्या दिवशी केलेले फोन, यातलं काही त्याच्या लक्षात राहणार नाही. लक्षात राहील ते पाणी आणि आपण पार झालो ते.

आणि एकट्या पोराला कळतं ते घोळक्यात कळत नाही. एकटा मुलगा ओढ्यापाशी आला तर थबकतो. चाळिसातला तेविसावा समोरच्याच्या टाचा बघत चालतो. पाणी त्याला दिसतच नाही, बाविसावा उतरला म्हणून तो उतरतो. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजची चौदा मुलंमुली बुडाली. जून 2014 मध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे चोवीस विद्यार्थी, वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं त्यात गेले. दोन्ही ठिकाणी मोठी माणसं बरोबर होती. कॉलेजातली मुलं होती, नववीची नव्हेत. मोठं माणूस बरोबर आहे म्हटल्यावर मूल स्वतःची भीती गिळतं. मला भीती वाटते ती या गिळण्याची.

डोंगरवेडा : घोळक्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, आणि ते तुम्ही डोंगर न चढता ओळखलंत याचं मला नवल वाटतं. म्हणून तर चाळीस जणांची रांग आम्ही कधी करत नाही. आठ मुलं आणि एक मोठा, असे पाच गट. गटागटात अंतर. सगळ्यात हळू चालणारं मूल लीडरच्या पाठोपाठ, म्हणजे वेग तोच ठरवतो. सगळ्यात शेवटी आमचा भरवशाचा गडी, त्याच्या मागं कुणी राहायचं नाही. खिंड, फाटा, ओढा आला की मोजणी. धुकं उतरलं की शिट्टी. हे पाठ झालेलं आहे. ही शिस्त कमी पडते असं मला वाटत नाही.

कमी पडतं ते दुसरीकडे. लोक मला बिबट्याचं विचारतात, सापाचं विचारतात. साप आहेतच. घोणस, फुरसं, रात्री मुक्कामाला मण्यार. चावलाच तर न कापता, न आवळता, अंग न हलवता गाठायचं ते प्रतिविष असलेलं इस्पितळ. पण सह्याद्रीत मुलांवर येणारे प्रसंग बहुतेक साधे असतात. शेवाळलेल्या कातळावर पाय सटकतो. मार्चनंतरच्या चढावर पाणी संपतं आणि ऊन लागतं. कपारीतल्या आग्यामोहोळाला कुणाच्या तरी धुरानं किंवा अत्तरानं चेव येतो. आणि ज्याला कुणी मोजत नाही तो पावसातला गारठा. कळसूबाई 1646 मीटर. वर वारा, अंगात भिजलेला सुती टी-शर्ट. मुलगा आधी कुडकुडतो. मग गप्प होतो, पायात पाय अडखळतात, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतो. कुडकुडणं थांबलं की नवशिक्या लीडरला वाटतं, चला, सावरला. खरं तर तेव्हा तो हातचा जायला लागलेला असतो.

आणि पाणी. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या वर. मूल पुण्याचा पाऊस डोक्यात घेऊन निघतं आणि घाटमाथ्याच्या पावसात उभं राहतं. वरचं पठार कातळाचं, पाणी जिरायला मातीच नाही. तासभर कोसळला की ते सगळं पाणी त्याच ओढ्यात येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं, पाऊस वर, न दिसणाऱ्या पठारावर झालेला असतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढं पाणी नववीतल्या मुलीच्या मांडीला लागतं.

एक सांगतो. हे मी पालकसभेत सांगत नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. बरोबर अठरा मुलं, तुमच्या मुलांच्याच वयाची. सकाळी जाताना घोट्याएवढं पाणी, आम्ही बूटसुद्धा काढले नव्हते. दुपारी चारला परत आलो तेव्हा तो ओढा ओळखू येईना. दुधाच्या चहासारखा रंग, मांडीपर्यंत पाणी, आणि आतून ठक ठक असा आवाज. पाण्याखाली दगड एकमेकांवर आपटत पुढे सरकत होते. शेवटची लोकल गाठायची होती. मी दोर लावला आणि पहिल्या मुलाच्या कमरेला बांधला. मागं बाकीच्यांची साखळी केली. एकेक करत अठराही जण पलीकडे गेले. एका मुलीचा बूट गेला, बास. लोकल मिळाली. गाडीत पोरांनी टाळ्या वाजवल्या, स्टेशनवर पालकांनी हात हातात घेतले. पुढची तीन वर्षं ती गोष्ट मी प्रत्येक शेकोटीला सांगितली.

मग बचावकार्यातल्या एका अनुभवी माणसानं मला शांतपणे समजावलं, की वाहत्या पाण्यात माणसाला दोर बांधायचाच नसतो. पाय सुटला की दोर ताणला जातो आणि पाणी त्याला दाबून खाली धरून ठेवतं. न बांधलेला निदान वाहत कडेला तरी लागू शकतो. म्हणजे ज्याला मी सुरक्षा समजत होतो, त्यानंच मी त्या पहिल्या पोराला मारलं असतं. काठावर दोन-तीन तास बसलो असतो तर पाणी उतरलंही असतं. लोकल चुकली असती, दुसरं काही नाही.

साशंक : हे सांगितलंत ते बरं केलंत. आता तुमच्या पत्रकातला दोर मला वेगळा दिसायला लागला.

तुमच्या गोष्टीत मला सगळ्यात भयंकर वाटतात त्या टाळ्या. वर्गात मुलानं गणित चुकवलं तर उत्तर चुकतं, त्याला तिथंच कळतं. डोंगर तसा शिकवत नाही. तुम्ही चुकीची रीत वापरलीत आणि उत्तर बरोबर आलं. असं नव्याण्णव वेळा होऊ शकतं. तितक्या वेळा टाळ्या, तितक्या वेळा तीच रीत घट्ट. म्हणजे 'वीस वर्षांचा अनुभव' हे जे तुमच्या पत्रकाच्या डोक्यावर छापलंय, त्यातला शहाणपणा किती आणि नशीब किती, हे मी कसं ओळखायचं? तुम्हाला तरी कसं ओळखता येतं?

मी भूगोल शिकवते, म्हणून एक जुनी घटना माहीत आहे. नोव्हेंबर 1971, स्कॉटलंडमधलं केर्नगॉर्म पठार. एडिंबरोच्या एका शाळेची मुलं. दोन गट केले होते. त्यातल्या एका गटाला नेणारी स्वतः विशीतली, तिची मदतनीस अठरा वर्षांची. हवा बिघडली तर पठारावरच्या एका छोट्या निवाऱ्यात शिरायचं असं ठरलेलं. हवा बिघडली, हिमवादळात निवारा सापडलाच नाही. दोन रात्री उघड्यावर गेल्या. पाच मुलं आणि ती मदतनीस गेली. नंतर तिथं वाद झाला की असे उंचावरचे निवारे ठेवावेत की काढावेत, आणि त्यातले काही काढूनच टाकले. वर आसरा आहे या भरवशावर माणसं परत फिरायची वेळ टाळतात, असं काढा म्हणणाऱ्यांचं म्हणणं. तुमच्या पत्रकात 'मुक्काम उधेवाडीत' वाचल्यावर मला तेच आठवलं. गरम पिठलं-भाकरी वाट बघतेय म्हटल्यावर ओढ्याच्या अलीकडे थांबायला कुणाचं मन होईल?

डोंगरवेडा : होत नाही. हरिश्चंद्रगडावर चढताना मी हे कैकदा पाहिलंय. तोलार खिंडीच्या वर धुकं दाटलेलं, पोरं भिजून गारठलेली, आणि प्रत्येक जण म्हणतो, वर गुहा आहे, एकदा गुहेत पोचलो की झालं. गुहा तास-दीड तासावर असते. मागं फिरलं तर गाव त्याहून लांब नसतं, पण गावाकडे तोंड करायला जीव होत नाही.

तुमच्या अनुभवाच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. एवढं सांगू शकतो की हल्ली मी लीडर निवडताना 'किती गड केलेस' हे विचारत नाही. 'किती वेळा परत आलास, आणि का' हे विचारतो. ज्याच्याकडे त्या गोष्टी नसतात त्याला मी पोरं देत नाही.

साशंक : ही तुमची चाळणी झाली. उद्या दुसरा कुणी येईल, त्याची चाळणी नसेल. म्हणून मला नियम हवे वाटतात. 2021 मध्ये राज्याच्या पर्यटन विभागानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी, हवा, तिन्हीकडचे उपक्रम त्यात आले, नोंदणी आली. तुम्ही मंडळी त्यावर नाराज असता, हे मी ऐकून आहे. का?

डोंगरवेडा : नियम नकोत असं कुणी जाणता गिर्यारोहक म्हणत नाही. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघासारख्या संस्थांनी या प्रश्नावर सरकारशी वर्षानुवर्षं बोलणी केली आहेत. त्रास वेगळा आहे. नोंदणीला लागतात कागद. कागद ज्याच्याकडे ऑफिस आहे, कारकून आहे, तो पटकन देतो. शनिवारी शंभर जणांच्या दोन बसा भरून नेणारा देतो. गावातला शिक्षक, स्वतःच्या खिशातून पदरमोड करत बारा पोरांना गडावर नेणारा, तो मागं पडतो. मुलांना पैशासाठी न नेणारा माणूसच यातून बाजूला होईल, ही माझी भीती. मुरूडनंतर काय झालं, तुम्ही शाळेतच होतात. सहलींचे नियम कडक झाले आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी शाळांनी सहल म्हणजे वॉटरपार्क असं ठरवून टाकलं. मुलं सुखरूप परत येतात, आणि ओढा त्यांना अजून माहीत नसतो.

साशंक : पण पदरमोड करणारा चांगलाच असतो हे तुम्ही कशावरून म्हणता? चोवीस वर्षांचे तुम्ही पदरमोडच करत होतात. इंग्लंडमध्ये मार्च 1993 मध्ये लाइमच्या उपसागरात कयाक घेऊन गेलेली चार शाळकरी मुलं बुडाली. त्या केंद्रातून आधी सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी पत्र लिहून सावध केलेलं होतं. 1995 मध्ये कायदा झाला, अठराच्या खालच्या मुलांना पैसे घेऊन साहसाला नेणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. पण शाळेनं आपल्याच मुलांना नेलं, क्लबनं आपल्याच सभासदांना नेलं, तर त्याला सूट. तुम्हाला हवी तशीच सूट. आता सांगा, ओढ्याला काय माहीत कोण फी घेऊन आलंय आणि कोण प्रेमानं? आणि तुमच्या पत्रकाच्या पाठीमागचं हमीपत्र, 'माझ्या पाल्यास इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही', ते कृपा करून काढून टाका. निष्काळजीपणानं जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे, वडिलांच्या सहीनं ते टळत नाही. त्या कागदामुळे एकच होतं. वडिलांना वाटतं आपण काहीतरी सोडून दिलं, आणि तुमच्या लीडरला वाटतं आपल्याला काहीतरी मिळालं.

डोंगरवेडा : काढतो. आजच काढतो.

साशंक : आणखी एक. तुमच्या यादीत ऊन आहे, पाणी आहे, गारठा आहे. मुली पाणी पीत नाहीत, हे नाही. चाळिसात अठरा मुली आहेत. दिवसभर आडोसा मिळणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून त्या सकाळपासून घोट-घोट घेतात. पाळी असेल तर विचारूच नका. दुपारी चक्कर आली की तुम्ही म्हणता, 'काही खाल्लं नव्हतंस का?' ती हो म्हणते, कारण खरं कारण दादाला सांगायचं नसतं. गेल्या वर्षी आमच्या एका मुलानं दम्याचा पंप सॅकच्या तळाशी दडवला होता, मित्र हसतील म्हणून. शाळेच्या मैदानावर ते कळलं, म्हणून निभावलं. तुमची ती साखळी, मोजणी, शिट्टी, सगळी बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची आहे. मुलांच्या आत काय चाललंय ते वर यायला वाट कुठं आहे? मला असं हवंय की कुठल्याही मुलानं 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. का, कशाला, हे लगेच विचारायचं नाही. आणि दर गटात एक बाई.

डोंगरवेडा : बाई हव्यात, हे मी लिहून घेतो. आडोशाचंही. पहिल्या टप्प्यात, दुसऱ्यात, कुठं थांबायचं ते आधी ठरवता येतं, कापडी पडदा नेता येतो. हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पण 'थांबा'वर माझं अडतं. हरिहर गडाच्या पायऱ्या घ्या. उभ्या कातळात कोरलेल्या, हाताला धरायला खोबण्या. अर्ध्यावर एखाद्या पोराचे पाय लटपटतात. दृष्टिभय. तो म्हणतो थांबा. थांबतो आम्ही. लीडर त्याच्या खालच्या पायरीवर येतो, म्हणतो, 'खाली बघू नकोस, डावा हात खोबणीत, आता उजवा पाय.' दहा मिनिटांत तो वर असतो. त्या दहा मिनिटांत जे मिळतं ते त्याला आयुष्यात दुसरीकडे मिळायचं नाही. तिथं 'थांबा' म्हटल्याबरोबर खाली आणलं असतं तर भीती ओसरते हेच त्याला कधी कळलं नसतं. अर्थात पावसाळ्यातल्या रविवारी तिथं वरून-खालून गर्दीची रांग असते, तेव्हा मी मुलांना नेतच नाही, ते सोडा. माझं म्हणणं, भीती वाटली म्हणून प्रत्येक वेळी सोडून द्यायचं, हेही एक शिक्षणच होतं, आणि वाईट होतं.

साशंक : हरिहरच्या पायरीवर त्या मुलाला काय होऊ शकतं ते त्याला दिसतं. दरी समोर आहे. म्हणून त्याची भीती खरी आहे, आणि ती ओलांडली तर ते धैर्यही खरं आहे. ओढ्याशी तसं नाही. ओढ्याशी त्याला दिसतं ते समोरचं दहा फूट पाणी. वरच्या पठारावर काय कोसळलंय, पाण्याखाली दगड कुठं सरकतायत, तुमच्या मनात कुठली लोकल आहे, हे त्याला दिसत नाही. तिथं तो उतरला तर त्याला धीट कसं म्हणायचं? त्याला काही कळलेलंच नाही. वीज तशी, गारठा तसा, डोक्यावरच्या घळीतून सुटणारा दगड तसा. जे त्याला दिसत नाही त्यात त्याची हिंमत मागायची नाही. हे तुम्हाला मान्य?

डोंगरवेडा : मान्य. इतक्या स्पष्टपणे मी ते कधी मांडलं नव्हतं. पण मग न दिसणाऱ्या गोष्टींचा निर्णय कुणी घ्यायचा? मीच ना?

साशंक : तुम्हीच, पण तिथं नाही. चार वाजता, भिजलेले, मागं चाळीस दमलेली तोंडं, पलीकडे पिठलं-भाकरी किंवा लोकल, अशा जागी कुणाचाही निर्णय आधीच झालेला असतो. तो शुक्रवारी व्हायला हवा. कोरड्या खोलीत. हवामान खात्याचा घाटमाथ्याचा इशारा नारिंगी असेल तर नाही, लाल असेल तर प्रश्नच नाही. अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोचलो नाही तर परत. अमुक ओढा चपलेच्या वर असेल तर परत. लिहून. आणि तो निर्णय अशा कुणीतरी घ्यायचा ज्याचं त्या सहलीत काही गुंतलेलं नाही. तुमचं गुंतलेलं असतं दादा. बसवाल्याला दिलेला अॅडव्हान्स परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. उधेवाडीत चाळीस जणांचं जेवण सांगितलेलं असतं. ते पैसेसुद्धा ओढ्याच्या पाण्यात उभे असतात, आणि ते तुमच्या धोक्यांच्या यादीत कुठंच नाहीत.

डोंगरवेडा : नाहीत. यंदा आठ हजार दिलेत, म्हणून मला झोंबलं.

शुक्रवारचा नियम मी घेतो. पण त्यातून एक गाठ उरते, ती तुमच्यापुढे ठेवतो. इशारा जिल्ह्याचा असतो, घाटमाथ्याचा असतो, एका ओढ्याचा नसतो. पिवळ्या दिवशीही ओढा चढतो. तेव्हा काठावर कुणालातरी पाणी वाचावं लागणार. रंग बदलला का, आवाज आला का, पालापाचोळा वाहत येतोय का. हे वाचणं मी शिकलो ते चुकून, त्या अठरा मुलांच्या जिवावर. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. माझ्याबरोबर आज एकोणीस-वीस वर्षांची चार पोरं-पोरी आहेत, पाच वर्षांत तीच लीडर होणार. शुक्रवारचा निर्णय मी घेतला, कडक नियम लावले, त्यांना कधी चढलेला ओढाच दिसला नाही, तर नियमाच्या बाहेरचा दिवस उगवेल तेव्हा त्यांच्याकडे काय असेल? आणि दिसू दिला, तर तो कुणाची मुलं बरोबर असताना दिसू द्यायचा?

साशंक : माझी नाही. हे पटकन तोंडातून आलं, आणि मला ठाऊक आहे ते उत्तर नाही. सगळ्यांनी 'माझी नाही' म्हटलं तर कुणाचीच नाही. त्या चौघांना मुलांशिवाय न्या. आधी वर्षभर.

डोंगरवेडा : नेतोच. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी बचावाला जातात, त्यांच्याबरोबर सरावालाही पाठवतो. स्ट्रेचर हातावर उचलून चिखलातून उतरवायला किती माणसं आणि किती तास लागतात, हे एकदा खांद्याला कळलं की पोरगा बदलतो. पण पाठीशी आठ लहान मुलं असताना पाणी वेगळं दिसतं, बाई. मुलांशिवाय ते शिकता येत नाही.

साशंक : मग असं करा. मुक्काम रद्द, कोंदिवडं रद्द. चाळीस नाही, सोळा. दोन खेपा करा हव्या तर.

डोंगरवेडा : थांबा, माझ्या डोक्यात दुसरं येतंय. सोळा मुलं, ती माझी चार पोरं, दोन बाई. लोणावळ्याच्या बाजूनं राजमाचीच्या वाटेवर पहिल्या मोठ्या ओढ्यापर्यंत. ओलांडायचं नाही. अलीकडे, उंच जागी बसायचं. काठाशी एक काठी माझी पोरं रोवतील, त्यावर खुणा. दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते मुलांनीच वहीत लिहायचं. तीन तास. पाऊस आला तर चढताना दिसेल, थांबला तर उतरताना दिसेल. डबा खायचा आणि परत.

साशंक : आणि त्या दिवशी ऊन पडलं तर? पाणी घोट्याएवढंच राहिलं, काठीवरची खूण हललीच नाही. दुसरे ग्रुप तुमच्या डोळ्यांदेखत हसत-खिदळत पलीकडे जातायत. सोळा मुलं विचारतील, 'दादा, सगळे जातायत, आपणच का बसलोय?'

डोंगरवेडा : विचारतीलच. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचत नाही. घाबरवायचं नाही, आणि पाणी धोक्याचं आहे असं खोटंही सांगायचं नाही, कारण त्या क्षणी ते नसेल. तुम्ही याल बरोबर?

साशंक : येईन. सही मात्र शुक्रवारी संध्याकाळी, अंदाज पाहून. आणि नव्या पत्रकात आधी परत कुठून फिरायचं ते लिहा.